घरच्या चिकन नूडल्स : प्रमाण, आच आणि स्वच्छता

चिकन नूडल्स या पदार्थाचा आरोग्यावर होणारा परिणाम तीन गोष्टींवर ठरतो. ताटात मैदा किती आणि भाजी-मांस किती, मीठ व सॉस किती, आणि कच्चे मांस व उकडलेल्या नूडल्स हाताळताना स्वच्छता किती, या त्या तीन गोष्टी होत. गाडीवरच्या प्लेटमध्ये यांपैकी एकही खाणाऱ्याच्या हाती नसते. घरच्या स्वयंपाकघरात तिन्ही असतात. म्हणून सातारा-सांगलीकडच्या ज्या घरांत मुले आठवड्याला चायनीज मागतात, तिथे तो पदार्थ बंद करण्यापेक्षा घरी नीट करायला शिकणे अधिक उपयोगाचे आहे.

पदार्थाची ओळख

गाड्यांवर मिळणारे चायनीज मूळ चिनी स्वयंपाकापेक्षा बरेच वेगळे आहे. कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांनी भारतीय जिभेला रुचेल असा हा स्वयंपाक घडवला आणि मुंबईमार्गे तो महाराष्ट्रभर पसरला. चिनी माणसांचा सातारा जिल्ह्याशी संबंध मात्र त्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी महाबळेश्वरला चिनी व मलायी कैदी ठेवले होते. ते तिथे बटाटा आणि इतर भाज्या पिकवत. तिथल्या ‘चायनामन’ धबधब्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले. आज या पदार्थाला लागणारे बहुतेक जिन्नस याच भागात मिळतात. सातारा जिल्हा आल्याच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची आणि कांद्याची पात आठवडा बाजारात ताजी असते.

प्रमाण

चार माणसांसाठी 200 ग्रॅम कोरड्या नूडल्स, 400 ग्रॅम बोनलेस चिकन आणि 600 ग्रॅम चिरलेल्या भाज्या घ्याव्यात. गाडीवर हे प्रमाण सहसा उलटे असते : नूडल्स भरपूर, भाजी आणि चिकन नावाला. वरच्या प्रमाणात दर माणशी सुमारे 400 कॅलरी आणि 30 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. साठ किलो वजनाच्या निरोगी प्रौढाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे निम्म्याहून अधिक गरज या एका जेवणात भागते.

हक्का नूडल्स बहुधा मैद्याच्या असतात. मैद्यात तंतू कमी असल्याने रक्तातील साखर लवकर वाढते आणि भूकही लवकर लागते. भाज्यांतले तंतू आणि चिकनमधली प्रथिने हा वेग कमी करतात. कोरड्या 50 ग्रॅम नूडल्स म्हणजे साधारण दोन लहान चपात्यांचे पीठ होते. म्हणून नूडल्स असतील त्या वेळी सोबत भात किंवा चपाती घेऊ नये. गव्हाच्या, नाचणीच्या किंवा ज्वारीच्या नूडल्स विकत घेताना पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. यादीत सर्वांत जास्त असलेला घटक सर्वांत आधी लिहिलेला असतो. तिथे मैदा पहिला असेल, तर पुढच्या बाजूवरचे नाव फसवे समजावे.

तेल चौघांसाठी दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिली, पुरेसे होते. घरात नेहमी वापरले जाणारे रिफाइंड शेंगदाणा तेल मोठ्या आचेला टिकते. एकदा तळणीला वापरलेले तेल यासाठी पुन्हा घेऊ नये.

चिकन आणणे आणि कापणे

कच्च्या चिकनवर साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. पोट बिघडण्याच्या नेहमीच्या कारणांत ते मोडतात. नळाच्या जोरदार धारेखाली चिकन धुण्याची सवय अनेक घरांत आहे. पण धुण्याने जंतू मरत नाहीत. उडणाऱ्या थेंबांबरोबर ते ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारी ठेवलेल्या भाजीवर पसरतात. धुवायचेच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावे, पाणी सावकाश ओतावे आणि नंतर सिंक साबणाने घासावे. हळद-मीठ चोळल्याने वास कमी होतो, मात्र त्यामुळे चिकन निर्जंतुक होत नाही.

भाज्या आधी चिराव्यात, चिकन शेवटी कापावे. चिकनची पाटी आणि सुरी वेगळी ठेवावी. ते जमत नसेल तर दोन्ही साबण व गरम पाण्याने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशालाही लावू नयेत. कातडी काढलेले मांस बोटाएवढ्या लांब, पातळ पट्ट्यांत कापावे, म्हणजे ते लवकर आणि सगळीकडून सारखे शिजते. त्याला आले-लसूण, मिरपूड, थोडा व्हिनेगर आणि एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर लावून वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावे. मांस ओट्यावर मुरवत ठेवू नये.

नूडल्स उकडणे

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून नूडल्स टाकाव्यात आणि पाकिटावर दिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी चाळणीत निथळाव्यात. पाण्यात मीठ घालू नये. लगेच थंड पाणी ओतून एक चहाचा चमचा तेल हाताने चोळावे, म्हणजे त्या चिकटत नाहीत. थंड करण्यासाठी पिण्याचेच स्वच्छ पाणी वापरावे.

नूडल्स सकाळी उकडून रात्रीपर्यंत बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात. शिजलेला भात किंवा नूडल्स कोमट राहिल्या की ते वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे नूडल्स परतण्याच्या थोडेच आधी उकडाव्यात.

भाज्या

कोबीची बाहेरची पाने काढून टाकावीत आणि उरलेली पाने सुटी करून वाहत्या पाण्यात धुवावीत. कोबीतली अळी मेंदूत जाते, ही भीती सर्वत्र आढळते. खरा धोका हिरव्या अळीचा नसून मैलामिश्रित पाण्यातून भाजीवर येणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांचा आहे. ही अंडी कोबीप्रमाणेच गाजर, कोथिंबीर किंवा पातीवरही असू शकतात. नीट धुणे आणि शिजवणे हाच त्यावर उपाय आहे.

परतणे

लोखंडी कढई आधी चांगली तापवावी. घरच्या गॅसची आच हॉटेलच्या भट्टीइतकी नसते. एकदम सगळे टाकले तर कढई थंड पडते, पाणी सुटते आणि पदार्थ परतला जाण्याऐवजी शिजून लिबलिबीत होतो. म्हणून दोन वेळा करून परतावे.

आधी चिकन एका थरात पसरून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे परतावे. सर्वांत जाड तुकडा मोडून पाहावा. आत गुलाबी छटा नको आणि निघणारा रस स्वच्छ हवा. मांसाच्या आतले तापमान 74 अंश सेल्सिअसला पोहोचले की रोगजंतू मरतात. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून त्याची बातमी आली की चिकन खावे की नाही, हा प्रश्न उठतो. त्याचा विषाणूही पूर्ण शिजवण्याने नष्ट होतो. शिजलेले चिकन कच्चे मांस ठेवलेल्या भांड्यात परत काढू नये.

मग कांदा, गाजर व फरसबी, त्यानंतर ढोबळी मिरची आणि शेवटी कोबी, असा क्रम ठेवावा. दोन-तीन मिनिटांत आच थांबवली तर क जीवनसत्त्वाचा नाश कमी होतो. तेलामुळे गाजरातले कॅरोटीन शरीरात चांगले शोषले जाते. शेवटी नूडल्स, चिकन आणि सॉस घालून एक मिनिट हलवावे व वर पात टाकावी. तापलेल्या तेलाचा आणि मिरचीचा धूर दमेकऱ्यांना त्रास देतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

मीठ, सॉस आणि रंग

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे एक सपाट चहाचा चमचाही जास्तच. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे दोन ग्रॅमहून अधिक मीठ. चौघांच्या नूडल्सना एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा चिली सॉस आणि अर्धा चहाचा चमचा मीठ पुरते. चव कमी वाटली तर सॉस वाढवण्याऐवजी आले, लसूण, मिरपूड व व्हिनेगर वाढवावे.

अजिनोमोटोबद्दल समाजात गरजेपेक्षा जास्त भीती आहे. मोनोसोडियम ग्लुटामेट नेहमीच्या प्रमाणात बहुतेकांना अपाय करत नाही. जास्त मात्रेने काहींना तात्पुरती डोकेदुखी होते किंवा अंग गरम झाल्यासारखे वाटते. बारा महिन्यांखालील बाळांना ते देऊ नये. घरच्या ताज्या नूडल्सना त्याची गरजही नसते. अजिनोमोटो टाळून सॉस मात्र सढळ हाताने ओतणे, ही खरी चूक आहे.

लाल रंगाची पूड वापरू नये. सांगलीलगतच्या कर्नाटक राज्याने असुरक्षित रंग आढळल्यावर मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास बंदी घातली. रंग हवा असेल तर ब्याडगी मिरची गरम पाण्यात भिजवून वाटावी. तिखटपणा फार न वाढता चांगला लाल रंग येतो.

उरलेले अन्न

शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांजवळ जातो, तेव्हा ही मर्यादा एक तासाची समजावी. उरलेल्या नूडल्स उथळ डब्यात पसरून फ्रीजमध्ये ठेवाव्यात, दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत एकदाच गरम कराव्यात आणि त्यानंतर उरतील त्या टाकून द्याव्यात. मुलांच्या दुपारच्या डब्यात चिकन नूडल्स देणे टाळावे.

कोणी जपावे

उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वरून मीठ न घालता सॉस निम्मा करावा. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्तदाबाची काही औषधे घेणारे यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. मधुमेहींनी नूडल्स आणखी कमी करून भाजी वाढवावी. गव्हाची किंवा सोयाबीनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी साधा सोया सॉसही टाळावा, कारण त्यात बहुधा दोन्ही असतात. गर्भवती, लहान मुले आणि वृद्ध यांना अर्धवट शिजलेल्या चिकनचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

पोट बिघडले तर

जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर आधीच तयार झालेल्या विषाचा संशय घ्यावा. साल्मोनेलाचा त्रास बहुधा सहा तासांनंतर ते काही दिवसांत दिसतो आणि कॅम्पायलोबॅक्टरचा दोन ते पाच दिवसांनी. यांपैकी कोणत्याही प्रकारात पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात ओआरएस करून घोट घोट द्यावे. मनाने प्रतिजैविके किंवा जुलाब बांधणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. शौचातून रक्त पडणे, जास्त ताप, सतत उलट्या, लघवी कमी होणे किंवा गुंगी येणे यांपैकी काहीही दिसले, अथवा रुग्ण बाळ, गर्भवती किंवा वृद्ध असेल, तर घरी वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.