बाबासाहेबांचा आवाज आणि लॅपटॉपची घरघर

१९५५ साली बीबीसी रेडिओने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची इंग्रजी मुलाखत ध्वनिमुद्रित केली. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी ते अस्सल साधन होय. परंतु वर्गात वा जयंतीच्या कार्यक्रमात ऐकवताना आवाज अडखळतो, घरघरतो आणि दोष जुन्या ध्वनिमुद्रणाला दिला जातो. साधनाची चिकित्सा येथेही करावी. तीच फाईल मोबाईलवर ऐकावी. तेथे आवाज सलग आला, तर दोष लॅपटॉपचा किंवा जोडणीचा समजावा.

ध्वनीचे सेकंदाला साधारणतः ४४,१०० नमुने असतात. लॅपटॉप त्यांची छोटी रांग तयार ठेवतो. प्रोसेसर अन्य कामात अडकला की रांग रिकामी होते. आवाज तुटतो किंवा तोच तुकडा पुनःपुन्हा वाजून गुणगुण उमटते. म्हणून इतर प्रोग्रॅम बंद करावेत, वाय-फाय तात्पुरते बंद करून पाहावे, साऊंड सेटिंगमधील ऑडिओ एन्हान्समेंट काढावे आणि शेवटी लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून साऊंड ड्रायव्हर नव्याने घ्यावा. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा कारण कळत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर जोडल्यावरच सतत घरघर येत असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर ऐकावे. घरघर थांबली, तर दोष बहुधा चार्जर वा अर्थिंगचा असतो. प्लगची तिसरी पिन मात्र कधीही काढू नये. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

ऐकीव गोष्ट तपासूनच स्वीकारा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. यंत्रालाही तोच न्याय लागू आहे. बुलढाणा जिल्ह्यातील प्रत्येक विहारात एखाद्या तरुणाने एवढे शिकून घेतले, तरी बाबासाहेबांचा शब्द शेवटच्या श्रोत्यापर्यंत स्पष्ट पोहोचेल.