चिंधीतून खेळणे : सुरतेच्या वस्त्यांतील शिवणवर्गासाठी एक पाठ

सुरत म्हटले की मराठी मनाला प्रथम आठवतात ती १६६४ आणि १६७० ही दोन साले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांत ज्या शहराची संपत्ती स्वराज्याच्या कामी आली, त्याच शहरात आज खानदेशातील असंख्य कुटुंबे कष्टाची भाकरी कमावीत आहेत. धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील ही माणसे भुसावळ-सुरत लोहमार्गाने तेथे गेली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत स्थिरावली. तेथे मराठी आणि अहिराणी सर्रास कानी पडते. शहराच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत.

या वस्त्यांतील पुरुष यंत्रमागावर किंवा रंगाई-छपाईच्या गिरण्यांत काम करतात. अनेक स्त्रिया घरी बसून साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवितात, भरतकामाचे लोंबते धागे कापतात. कृत्रिम धाग्याच्या कापडाचे हे देशातील एक प्रमुख केंद्र असल्यामुळे जेथे ताका आहे तेथे कात्रण आहे आणि जेथे शिलाई आहे तेथे चिंधी आहे. ही चिंधी गटारात गेली तर पाणी तुंबते आणि जाळली तर विषारी धूर होतो. हातात धरली तर तिचे खेळणे होते. महिला मंडळे, सखी मंडळे, शाळा आणि अंगणवाड्या यांनी अशा खेळण्यांचा शिवणवर्ग कसा चालवावा, याचा विचार या पाठात केला आहे.

जुन्या कापडाला नवा जन्म देण्याची कला मराठी घरास नवी नाही. आजीच्या लुगड्याची गोधडी होते आणि गोधडीतून उरलेल्या तुकड्यांची भातुकलीतली बाहुली होते. परदेशातही या व्यवसायाचा उगम असाच साधा आहे. जर्मनीतील गिएंगेन गावच्या मार्गारेटे श्टाइफ यांना बालपणीच पोलिओमुळे अपंगत्व आले होते. त्या शिवणकाम करीत. १८८० साली त्यांनी टाचण्या खोचण्यासाठी नमद्याच्या कापडाचा एक छोटा हत्ती बनविला. मुलांनी तो खेळावयास घेतला आणि त्यातून पुढे जगप्रसिद्ध कारखाना उभा राहिला.

शिक्षणाच्या दृष्टीनेही या कामाला आपल्याकडे भक्कम परंपरा आहे. गिजुभाई बधेका यांच्या भावनगर येथील बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली गुजरातच्या सीमेलगतच्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. महागडी साधने खेड्याला परवडणारी नाहीत हे ओळखून त्यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने घडविली. चिंधीचे खेळणे हे त्याच विचाराचे अपत्य होय.

मात्र वस्तू स्वस्त असली तरी ती निष्काळजीपणे करून चालत नाही. मूल खेळणे हातात धरते, तोंडात घालते, ओढते आणि उशाशी घेऊन झोपते. म्हणून असा वर्ग चालविणाऱ्याने तीन हिशेब काटेकोरपणे ठेवले पाहिजेत : कापडाचा, सुईचा आणि श्रमाचा.

कापडाचा हिशेब

गोळा केलेल्या चिंध्यांची प्रथम निवड करावी. टिकल्या, खडे, जर किंवा डिंकाचे डाग असलेले तुकडे बाजूला काढावेत. सुरतेच्या कात्रणात असे तुकडे पुष्कळ असतात. ते दिसावयास आकर्षक असले तरी चिकटविलेली टिकली मुलाच्या लाळेने सुटते आणि घशात अडकू शकते. तेलाचा वास येणारे व बुरशी लागलेले कापडही घेऊ नये.

कापड सुती की कृत्रिम, हे ओळखण्याची साधी रीत आहे. दोनचार धागे चिमट्यात धरून, जवळ पाण्याचे भांडे ठेवून, ते पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि त्याची कडक गुठळी बनते. वितळलेले कापड कातडीला चिकटते, म्हणून अशी खेळणी चुलीपासून व दिव्यापासून दूर ठेवावीत, हे घेणाऱ्या पालकांना आवर्जून सांगावे. हा प्रयोग शिक्षिकेने स्वतः करावा. मुलांच्या हाती देऊ नये.

निवडलेले कापड साबणाच्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. नंतर प्रत्येक रंगाचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासावा. फडक्याला रंग लागला तर ते कापड खेळण्यास अयोग्य समजावे. जॉर्जेट, शिफॉन यांसारख्या झिरझिरीत कापडाचे धागे सुटतात व शिवण उसवते. अशा कापडास आतून जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे अस्तर द्यावे.

शिवण्याची रीत

वर्गात १५ ते २० स्त्रिया असाव्यात. वेळ दुपारी २ ते ५ ठेवल्यास घरकाम व घरी आणलेले काम सांभाळून त्यांना येता येते. पहिल्या दिवशी दोन तुकड्यांचा मासा, दुसऱ्या दिवशी सहा पाकळ्यांचा चेंडू आणि त्यानंतर पोटाची वेगळी पट्टी असलेला हत्ती, असा क्रम ठेवावा. सोप्याकडून अवघडाकडे जाण्याने हात बसतो आणि कापड वाया जात नाही.

पुठ्ठ्याचा साचा कापडाच्या उलट बाजूवर ठेवून खडूने रेघ काढावी आणि रेघेबाहेर १ सेंटीमीटर कापड सोडून कापावे. डोळे, तोंड वगैरे कापड सपाट असतानाच रंगीत धाग्याने भरून घ्यावे. ३ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यास बटणाचे किंवा मण्याचे डोळे लावू नयेत. मग सुलट बाजू आत घेऊन दोन्ही तुकडे जोडावेत. येथे धावदोरा पुरत नाही. हाताची बारीक टीप घालावी किंवा यंत्रावर दोनदा शिलाई मारावी. उलटविण्यासाठी ५-६ सेंटीमीटर जागा मोकळी ठेवावी. वळणाच्या जागी कडेच्या कापडाला कात्रीने लहान छेद द्यावेत, परंतु टीप कापली जाऊ देऊ नये. असे छेद दिल्याने उलटविल्यावर सोंड किंवा कान चुरगळत नाही.

भरण म्हणून धुतलेल्या चिंध्यांचे अगदी लहान तुकडे वापरावेत. प्रथम सोंड, पाय, शेपूट अशी टोके बोथट काडीने भरावीत, मग पोट. लाकडाचा भुसा, थर्मोकोलचे दाणे किंवा गादीतील फोमचा चुरा घालू नये. शेवटी मोकळी जागा बाहेरून न दिसणाऱ्या बारीक टाक्यांनी शिवून दोरा पक्का करावा.

सुईचा हिशेब

समजा, वर्गाच्या प्रारंभी ४० सुया वाटल्या आणि सायंकाळी ३९ परत आल्या. घरी जाण्याची घाई आहे, मुले वाट पाहत आहेत. एका सुईसाठी सर्वांना थांबवावे काय? अवश्य थांबवावे. ती सुई सतरंजीखाली असेल किंवा एखाद्या हत्तीच्या पोटात असेल. ती सापडेपर्यंत त्या दिवसाचे एकही खेळणे वर्गाबाहेर जाता कामा नये. प्रत्येक खेळणे दाबून पाहावे, जोरदार लोहचुंबक त्यावरून फिरवावे आणि शंका असलेले खेळणे उसवावे. सुई मोडली तर तिचे सर्व तुकडे जुळवून कागदावर चिकटवावेत व नोंदवहीत लिहावे. टाचण्यांनाही हाच नियम लागू करावा.

शिवणीची पारख ताण देऊन करतात. मऊ खेळण्याच्या शिवणीने ७० न्यूटन, म्हणजे सुमारे ७ किलो वजनाएवढा ताण सोसावा, असे प्रमाणित कसोटीत धरले जाते. दर टोपलीतील एक खेळणे शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून काट्याला लावून पाहिल्यास हे वर्गातही तपासता येते. तसेच सुमारे ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळकांड्यात सहज मावेल असा कोणताही सुटा भाग लहान मुलास धोक्याचा समजावा.

विक्रीसाठी खेळणी करणाऱ्या मंडळांनी कायदाही जाणून घ्यावा. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह बंधनकारक झाले. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट देण्यात आली. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी आपली नोंदणी व लागू नियम यांची चौकशी जिल्हा उद्योग केंद्राकडे करावी. सूट मिळाली तरी सुया मोजण्यातून सूट नाही, हे ध्यानात ठेवावे.

श्रमाचा हिशेब

तिसरा हिशेब सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. चिंधी फुकट मिळाली म्हणून खेळणेही जवळजवळ फुकट, अशी समजूत असते. या बाबतीत अहमदाबादचा दाखला बोलका आहे. तेथील दरियापूर भागात स्त्रिया गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवीत. चिंधी व्यापारी देई आणि खोळ व्यापारीच घेई, त्यामुळे दरही त्याच्याच मर्जीचा असे. १९७२ साली इला भट्ट यांनी स्थापन केलेल्या 'सेवा' संघटनेने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात या स्त्रियांना एकत्र आणले. त्यांनी वाढीव दर मागताच काम बंद पडू लागले. तेव्हा चिंधी स्वतः मिळविणे व माल स्वतः विकणे हाच मार्ग उरला आणि त्यातून 'सबीना' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ज्याच्या हाती चिंधी, त्याच्याच हाती मजुरी, हा त्या अनुभवाचा धडा आहे.

म्हणून मंडळाने पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. एका खेळण्याच्या धुण्यापासून तपासणीपर्यंत किती वेळ लागला, हे घड्याळ लावून तीन जणींच्या कामावरून ठरवावे. समजा, एका हत्तीस ३ तास लागले. तर त्या राज्यात लागू असलेल्या किमान दैनिक वेतनास ८ ने भागून ३ ने गुणावे. ती झाली त्या हत्तीची मजुरी. तीत दोरा, साबण, यंत्राची दुरुस्ती आणि नापास झालेल्या खेळण्यांचा खर्च मिळवावा. चिंधी आज फुकट असली तरी तिची बाजारातील किंमत वहीत मांडावी, कारण फुकट देणारा उद्या पैसे मागू शकतो. एवढी किंमत बाजारात येत नसेल तर खेळण्याचा आकार किंवा रीत बदलावी. मजुरी कमी करून किंमत जुळवू नये. अंगणवाडीसाठी विनामूल्य करावयाची खेळणी श्रमदान म्हणून वहीत वेगळी दाखवावीत, म्हणजे दान आणि धंदा यांची गल्लत होणार नाही.

हा पाठ केवळ सुरतेपुरता नाही. सुटीत नवापूर, नंदुरबार, अमळनेरकडे परतणाऱ्या स्त्रिया ही कला गावी नेऊ शकतात. शिंप्याच्या दुकानातील कात्रण कोणत्या गावी नाही? शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासाला मासा व चेंडू शिकवावा, ग्रामपंचायतीने दुपारपुरती एक खोली द्यावी आणि अधिकाऱ्यांनी पाहणीस आल्यावर खेळण्यांच्या प्रदर्शनापेक्षा आधी तीन वह्या पाहाव्यात. कापड तपासलेले असेल, सुया पूर्ण असतील आणि शिवणारीच्या हाती तिची मजुरी पडली असेल, तर तो वर्ग यशस्वी झाला असे खुशाल समजावे.