दूरच्या यंत्राला आज्ञा : उत्तर आले नाही तर?

पाणीपुरवठ्याचा पंप नदीकाठी आणि त्यावर देखरेख करणारा कर्मचारी काही किलोमीटर दूर, कार्यालयात संगणकासमोर, ही व्यवस्था आता नवलाची राहिलेली नाही. पडद्यावरील कळ दाबली की पंप सुरू होतो. दिसावयास हे सोपे आहे. परंतु कळ दाबणे आणि पंप फिरणे यांच्या दरम्यान जे घडते, ते समजून घेतल्यावाचून अशी यंत्रणा विश्वासाने चालविता येणार नाही.

आज्ञा आणि प्रत्युत्तर

संगणकावरील मुख्य कार्यक्रमास एक छोटा साहाय्यक कार्यक्रम जोडलेला असतो. त्यास प्लग-इन म्हणतात. दूरच्या यंत्राशी बोलण्याचे काम त्याचे. आज्ञा पाठवावयाची, उत्तराची वाट पाहावयाची आणि ते आल्यावरच पुढील पाऊल उचलावयाचे, या रीतीस सिंक्रोनस पद्धती असे नाव आहे.

मॉडबस ही संदेशपद्धती याचे उत्तम उदाहरण होय. अमेरिकेतील मॉडिकॉन कंपनीने ती १९७९ मध्ये प्रसिद्ध केली आणि कारखान्यांत ती आजही वापरात आहे. तारेवरील प्रत्येक उपकरणास १ ते २४७ यांपैकी एक क्रमांक असतो. संदेशात तो क्रमांक, करावयाचे काम, तपशील आणि शेवटी चूक ओळखण्यासाठी तपासणीचा आकडा असतो. स्विच चालू करण्याची आज्ञा मान्य झाल्यास उपकरण तीच आज्ञा जशीच्या तशी परत पाठविते. संदेश बिघडलेला आढळल्यास ते मौन पाळते.

मौनाचा अर्थ

ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही, तर काय समजावे? आज्ञा वाटेतच हरवली असेल. अथवा आज्ञा पोहोचून पंप सुरूही झाला असेल व केवळ उत्तर हरवले असेल. संगणकास या दोहोंतील फरक कळत नाही. म्हणून उत्तर नाही याचा अर्थ काम झाले नाही असा कदापि करू नये.

यास्तव आज्ञेची भाषा काळजीपूर्वक निवडावी लागते. ‘पंप चालू ठेव’ ही आज्ञा दोनदा गेली तरी बिघडत नाही. ‘आहे ती स्थिती उलट कर’ ही आज्ञा दोनदा गेली, तर चालू झालेला पंप बंद पडेल. ‘झडप आणखी १० अंश उघड’ याऐवजी ‘झडप ३० अंशांवर ठेव’ असे सांगणे म्हणूनच श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट अशी की, उत्तर आले म्हणजे आज्ञा स्वीकारली गेली, एवढेच सिद्ध होते. पंप प्रत्यक्ष फिरतो आहे काय, हे पाण्याचा दाब वा विजेचा प्रवाह वेगळा वाचूनच ठरवावे.

प्रतीक्षेची मर्यादा

प्रतीक्षा चालू असता पडदा गोठून राहता कामा नये. तसे झाल्यास ‘थांबवा’ ही कळसुद्धा निरुपयोगी ठरेल. म्हणून वाट पाहण्याचे काम कार्यक्रमाच्या स्वतंत्र धाग्यावर सोपविले जाते.

अंतर फारच मोठे असल्यास वाट पाहणेच अशक्य होते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, त्यावेळी एका दिशेने संदेश जाण्यास सुमारे १२ मिनिटे लागत होती. इंजिन पेटविण्याच्या आज्ञा त्यामुळे यानावर आगाऊच चढविण्यात आल्या होत्या. पंपासही हाच न्याय लागू आहे. विहीर कोरडी पडताच थांबण्याची बुद्धी पंपाजवळच हवी; ती कार्यालयातून येणाऱ्या तारेवर अवलंबून असू नये.

अशी यंत्रणा घेणाऱ्या संस्थांनी पुरवठादारास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : उत्तर न आल्यास कार्यक्रम काय करतो? आज्ञा दोनदा गेल्यास काय होते? आणि संपर्क तुटल्यास यंत्र कोणत्या स्थितीत राहते? यांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याखेरीज पडद्यावरील हिरव्या दिव्यावर गावाच्या पाण्याचा भरवसा टाकू नये.