'फेल' शब्दाचें कुळ

निकालाच्या दिवशीं 'फेल' हा शब्द ऐकून मुलांचे चेहरे उतरतात. परंतु त्याचें कुळ फार थोड्यांस ठाऊक असेल. मूळ लॅटिन 'फाल्लेरे', म्हणजे फसविणें. 'फॉल्स' हा शब्द त्याच घरचा. फ्रेंचमधून तो तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजींत आला, तेव्हां आटणें, उणें पडणें ह्या अर्थानें. झरा आटो, पीक बुडो, दृष्टि मंदावो; क्रियापद एकच. १६११ च्या इंग्रजी बायबलांत प्रभु येशू पेत्रासाठीं प्रार्थना करितो, ती त्याचा विश्वास 'फेल' होऊं नये म्हणून. पेत्र कोंबडा आरवण्यापूर्वीं तीनदां चुकला, तरी हा शब्द त्याच्या नांवास चिकटला नाहीं. सतराव्या शतकांत दिवाळखोर व्यापारी 'फेल' होऊं लागले. उत्तर नव्हे, मुलगाच 'फेल', ही भाषा त्याहून अलीकडची. आमचा 'नापास' मात्र निराळाच: 'ना' फारसी, 'पास' इंग्रजी, साहेबाच्या कोशांत तो सांपडावयाचा नाहीं!