बलाढ्य राजा, तीन अक्षरी



मागच्या अंकातल्या शब्दकोड्यात माझी एक चूक झाली. आधी ती कबूल करते, मग आजचा पाठ सुरू करू. चूक अशी, की तिच्यामुळे आपल्याला बरंच काही शिकायला मिळणार आहे.

आडव्या शब्दांत एक शोधसूत्र होतं : 'बलाढ्य राजा (३)'. माझ्या डोक्यात उत्तर होतं 'सम्राट'. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने लिहिलं 'निजाम'. मी लाल पेनाने फुली मारली आणि तिचा पहिला नंबर गेला. दुसऱ्या दिवशी ती कोडं घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, उभा शब्द बघा ना." या शब्दाच्या शेवटच्या घरातून एक उभा शब्द जात होता, त्याचं शोधसूत्र होतं : 'डोंगर चढताना हा येतोच (२)'. मी धरलं होतं 'घाट'. तिने लिहिलं होतं 'घाम'. आता डोंगर चढताना घाटही येतो आणि घामही येतो! घाट धरला तर सम्राट, घाम धरला तर निजाम. बाकीच्या दोन घरांतून एकही उभा शब्द जात नव्हता. म्हणजे तिचं कोडं अगदी बिनचूक जुळलं होतं.

मी म्हटलं, "अगं, पण निजाम म्हणजे राजा का?" ती म्हणाली, "आमची आजी नांदेडची. ती राजा म्हणत नाही, पण बलाढ्य कोण म्हटलं तर तिला दुसरं कोण आठवणार?"

हा प्रश्न काही दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. त्यातूनच आजचा पाठ तयार झाला.

आधी घरं मोजू

इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. असलं पहिलं इंग्रजी कोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आलं, ते आर्थर विन यांनी रचलं होतं. मराठीत मात्र एका घरात आख्खं अक्षर बसतं, काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळं धरून. म्हणून सम्राट म्हणजे स-म्रा-ट, तीन घरं. चक्रवर्ती म्हणजे च-क्र-व-र्ती, चार. यामुळे मराठीत एकाच अर्थाचे आणि एकाच मापाचे शब्द ढिगाने मिळतात. नरेश, नृपती, भूपती, भूपाल, सम्राट हे सगळे तीनच घरांचे. नुसता 'राजा (३)' असं लिहिलं तर सोडवणाऱ्याने काय करावं? रचणाऱ्याने अर्थ नेमका धरायलाच हवा.

शब्दाच्या पोटात काय आहे?

हे शब्द समानार्थी म्हणून आपण पाठ करतो, पण प्रत्येकाची सत्तेची कल्पना वेगळी आहे. भूपती जमिनीचा स्वामी, तर नृपती माणसांचा. चक्रवर्ती म्हणजे ज्याच्या रथाचं चाक कुठेही अडत नाही असा. छत्रपती म्हणजे ज्याच्या डोक्यावर राजछत्र आहे तो. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक करून घेतला, तेव्हा आपण कुणाचे सरदार नाही हेच त्यातून जाहीर झालं. सुलतान हा अरबी शब्द मुळात 'सत्ता' या अर्थाचा. पेशवा हा फारसी, म्हणजे पुढे असणारा.

आणि निजाम? अरबीत 'निजाम' म्हणजे व्यवस्था, शिस्त. 'निजाम-उल-मुल्क' म्हणजे राज्याची व्यवस्था लावणारा. मीर कमरुद्दीन यांना हा किताब १७१३ मध्ये बादशहा फर्रुखसियरकडून मिळाला. १७२४ मध्ये त्यांनी आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा इथे मुबारिजखानाला हरवलं आणि दख्खन त्यांच्या हाती आली. पुढच्या वर्षी महंमदशहाने 'आसफजाह' हा किताब दिला. इस्लामी परंपरेत आसफ हा शलमोन राजाचा मंत्री. (स्तोत्रसंहितेतला आसाफ वेगळा, तो गायक.) म्हणजे दोन्ही किताब राजाचे नाहीत, कारभाऱ्याचे आहेत! कागदावर ते दख्खनचे सुभेदार. १८५७ च्या उठावापर्यंत हैदराबादची नाणी मोगल बादशहाच्या नावानेच पडत होती.

१७२८ मध्ये पालखेडला निजाम आणि पहिले बाजीराव समोरासमोर आले. गंमत बघा, दोघांपैकी राजा कुणीच नाही. एक बादशहाचा सुभेदार, दुसरा छत्रपतींचा पेशवा. पण बलाढ्य दोघंही.

म्हणून माझा निवाडा असा : 'बलाढ्य राजा' याचं उत्तर निजाम नव्हे. पण 'बलाढ्य सत्ताधीश' असं विचारलं असतं, तर निजामच काय, पेशवाही बरोबर ठरला असता.

सत्तेखाली राहणाऱ्यांचा कोश

आजीचं म्हणणं मात्र किताबाच्या अर्थाने खोडता येत नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या माणसाला 'व्यवस्था लावणारा' हा अर्थ कुठून आठवणार? निजामाच्या मुलखाला मराठीत 'मोगलाई' म्हणत. पुढे त्याच शब्दाला बेबंद, जुलमी कारभार असा अर्थ चिकटला. 'काय मोगलाई आहे का?' असं आपण आजही म्हणतो. तिकडे इंग्रजीत 'मोगल' म्हणजे बडा उद्योगपती! मूळ एकच, पण एकाने लांबून वैभव पाहिलं आणि दुसऱ्याने जवळून अंमल सोसला. शब्दकोशात अर्थ मिळतो, पण तो कुणाच्या तोंडी कसा झाला हेही बघावं लागतं.

पवित्र शास्त्र उघडून बघा

आपल्या प्रार्थनेत रोज येणारी मराठीही या दृष्टीने वाचा. रोमचा कैसर, त्याच्या हाताखालचा मांडलिक हेरोद, सुभेदार पिलात, मग शताधिपती. भाषांतरकारांनी सगळ्यांना 'राजा' म्हटलं नाही. पिलातासाठी 'सुभेदार' हा शब्द वापरला, कारण ती सत्ता वरून दिलेली आहे, हे मराठी वाचकाला त्या एका शब्दातून कळतं. मिसरचा 'फारो' हे तर नावच नव्हे, पद आहे. मूळ अर्थ 'मोठं घर'.

कोडं रचताना तीन गोष्टी

१. आपलं उत्तर बाजूला ठेवा आणि त्याच मापाची आणखी दोन उत्तरं शोधून बघा. सापडली तर शोधसूत्र बदला.
२. नुसता समानार्थी शब्द देऊ नका. शब्दाचं मूळ, काळ, ठिकाण यांतलं एक काहीतरी द्या.
३. तीन घरांच्या शब्दातून निदान दोन उभे शब्द जाऊ द्या. मी एकच दिला आणि तोही दुहेरी.

आता सरावासाठी :

१. पुढे असणारा, राज्य चालवी, पण राजा नव्हे (३)
२. शंभर शिपायांवरचा रोमी अंमलदार (५)
३. मलिक अहमदने १४९० मध्ये उभारलेली अहमदनगरची राजवट. हैदराबादशी गल्लत नको (५)
४. शलमोनाच्या मंत्र्याच्या नावाने ओळखली जाणारी हैदराबादची राजवट (५)

त्या विद्यार्थिनीची फुली मी खोडली आहे आणि पहिला नंबर तिला परत दिला आहे. पुढच्या अंकाचं कोडं तीच रचणार आहे. शोधसूत्रं तपासायला मी बसेन. घाट आणि घाम दोन्ही डोळ्यांपुढे ठेवून.

उत्तरे : १. पेशवा २. शताधिपती ३. निजामशाही ४. आसफजाही