काम जिथे थांबलं, तिथून बघा

प्रश्न : लोहगडवाडीत ओळखीच्या एका घरी पत्र्याच्या शेडमध्ये १९७० ची फियाट डिलाइट उभी आहे. मालकाने ती नव्यासारखी करायला घेतली होती. बाहेरून नवा रंग दिला, इंजिनचंही काम केलं म्हणतो. पण सीट, काचा, वायरिंग सगळं सुटं करून दोन खोक्यांत भरलेलं आहे. निम्मं काम झालेलंच आहे, तेव्हा उरलेलं मी हळूहळू करीन असा विचार आहे. घेण्याआधी काय काय बघावं? (एक वाचक, मळवली)

उत्तर : मालकाला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. काम का थांबलं, ते विचारा. अर्ध्यावर सोडलेल्या गाडीमागे बहुतेक तीनच कारणं असतात : पैसे संपले, एखादा भाग मिळेना, किंवा गाडी खोलल्यावर आतला पत्रा सडलेला निघाला आणि माणसाने हाय खाल्ली. पहिल्या दोन कारणांत तुमचा फायदा आहे. तिसरं कारण असेल, तर वरचा नवा रंग हीच काळजीची गोष्ट आहे. मालक काय सांगतो ते ऐकून घ्या. खरं उत्तर गाडीच देईल.

डिलाइट म्हणजे फियाट ११०० च; तिला जीपसारखी वेगळी चॅसी नसते. जीपची बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी खाली सांगाडा उरतो. इथे मात्र फ्लोअर, दारांखालचे बंद पन्हळीसारखे पत्रे आणि खांब मिळूनच गाडीचा कणा होतो. तो पत्रा गंजला तर गाडीचं बळच जातं. आणि गाडी उभी आहे ती मावळात. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने हवेतली ओल हटत नाही. शेडची जमीन मातीची असेल, वर प्लॅस्टिकची ताडपत्री गच्च बांधलेली असेल, तर खालून येणारी वाफ गाडीतच कोंडते आणि पत्रा आतून खाते.

म्हणून गाडी भर उजेडात आणि कोरडी असताना बघा. ओल्या पत्र्यावर रंगाचे दोष दिसत नाहीत. धुऊन ठेवली असेल तर सुकेपर्यंत थांबा. साधं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या आणि दारांच्या खाली, चाकांच्या कमानींवर, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत हळूहळू फिरवा. चांगल्या पत्र्यावर ते चिकटून सरकतं. मध्येच पकड सुटली, तर तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. मग बोटाच्या पेराने ठोकून बघा : पत्रा खणखणतो, पुट्टी भदभद वाजते. मी एकदा मरून रंगाची, आरशासारखी चकचकीत फियाट बघायला गेलो होतो. मालकाची परवानगी घेऊन दाराखालच्या पत्र्याला खालच्या बाजूने स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावावा लागलाच नाही. तो मुठीपर्यंत आत गेला आणि तांबूस भुगा माझ्या चपलेवर सांडला. रंग जेमतेम महिन्याभराचा होता.

मॅट उचलून फ्लोअर बघा, बॅटरीखालचा पत्रा बघा, डिकीत स्टेपनीची जागा बघा. मागचे पाटे बॉडीला जिथे धरलेले असतात, त्या जागा तर टॉर्च लावून बघा. गाडीच्या पोटाला ताजं काळं कोटिंग मारलेलं असेल, तर त्याखाली काय आहे ते मालकाला विचारा. खरं काम करणारा माणूस गाडी उघडी असतानाचे, वेल्डिंग चालू असतानाचे फोटो काढून ठेवतो. फोटो नाहीत, डेंटरचं बिल नाही आणि रंग मात्र नवा, असं असेल तर पत्र्याचं काम झालेलंच नाही असं धरून हिशेब करा.

आणखी एक परीक्षा. दार बंद करून त्याच्या कडेची फट नीट बघून ठेवा. मग त्या बाजूने गाडी जॅकवर घ्या आणि दार उघडून परत लावा. फट बदलली, दार घासायला लागलं, तर कणा कमजोर आहे. जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरू नका; भक्कम लाकडी ठोकळे लावल्याशिवाय हातसुद्धा घालू नका.

इंजिनची चिंता त्या मानाने कमी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात हे १०८९ सीसीचं इंजिन कित्येक वर्षं बनत राहिलं, आणि डिलाइटनंतर आलेल्या पद्मिनीतही तेच बसत होतं. मुंबईची काळीपिवळी त्यावरच धावली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली ती थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्यामुळे हे इंजिन हाताखालून गेलेले मिस्त्री आणि त्याचे सुटे भाग आजही सापडतात. तरी ‘काम केलं’ म्हणजे काय केलं, ते विचारा : बोअर केलं का, पिस्टन कोणत्या साइजचे टाकले, क्रँकला ग्राइंडिंग झालं का, बिल कुठे आहे. इंजिन जाम असेल तर जोर लावून फिरवू नका. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या, मग पान्याने हळूच फिरवा. चालू होत असेल तर तुम्ही पोचाल तेव्हा ते गार असावं, असं आधीच सांगून ठेवा. गरम करून ठेवलेलं इंजिन बरेच दोष लपवतं. निळा धूर सतत येत असेल तर तेल जळतंय. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं तर पाणी तेलात मिसळतंय; मग गॅस्केट गेलेलं असेल किंवा अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं असेल.

खरी दमछाक होते ती खोक्यांतल्या सामानाने. अंगणात जुनी चादर पसरा आणि दोन्ही खोकी तिच्यावर रिकामी करा. दाराच्या काचा, त्या वरखाली करणारी यंत्रं, हँडल, मीटर, मागचे दिवे, क्रोमच्या पट्ट्या, काचांची रबरी बीडिंग, प्रत्येक गोष्ट मोजून कागदावर मांडा. दार चार आणि हँडल तीन, अशी तूट इथेच कळते. पद्मिनीची पुढची जाळी वेगळी आहे; खोक्यात पद्मिनीचे भाग भरलेले असतील तर त्यातले काही तुमच्या डिलाइटला लागणार नाहीत. ब्रेकचं सिलिंडर आज ना उद्या मिळेल, पण डिलाइटच्या एका क्रोम पट्टीसाठी पुण्यात जुन्या बाजाराच्या रविवार-बुधवारच्या वाऱ्या कराव्या आणि मुंबईत कुर्ल्याच्या दुकानांचे उंबरे झिजवावे लागतात. शक्य असेल तर मालकालाच विचारा की कोणता भाग कुठून काढला. ही माहिती त्याच्या डोक्यात आहे, आणि गाडी विकल्यावर ती हळूहळू पुसली जाते.

कागदपत्रांत हयगय नको. आरसी बुकावरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवा. कागद ठेवून पेन्सिल घासली की झिजलेले आकडेही उमटतात. विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच आहे का? मालक वारले असतील तर वारसांच्या नावावर गाडी झाली आहे का? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते; ती कधीपासून थकली आहे, पर्यावरण कर किती बाकी आहे, हे मावळासाठी पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत आधीच विचारून घ्या.

तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, म्हणून २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज नोंदणीही होऊ शकते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र मग ती रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. शिवाय चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. म्हणजे आधीच्या माणसाने दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं असेल, तर ही वाट बंद होते. अर्धवट कामाची ही बाजू घेणाऱ्याला फार उशिरा कळते.

आता किंमत. झालेल्या कामाचे पैसे मोजू नका, उरलेल्या कामाचे मोजा. एक डेंटर, एक फियाट जाणणारा मिस्त्री आणि एक वायरमन यांना गाडी दाखवून वेगवेगळा अंदाज घ्या, त्यात सीटचं आणि क्रोमचं काम धरा, आणि बेरजेवर निम्मे आणखी चढवा. पूर्ण झालेली अशी गाडी आज ज्या भावाला जाते, त्यातून हा आकडा वजा करा. उरतं ती तुमची वरची मर्यादा. काहीच उरत नसेल, तर फुकट मिळाली तरी ती महागच पडेल.

चुंबक सगळीकडे चिकटलं, जॅकवर दाराची फट हलली नाही, खोकी पूर्ण निघाली आणि नंबर जुळले, तर काम पैशासाठी थांबलं होतं असं समजा. मग ही डिलाइट जरूर घ्या, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तिला कोरड्या, फरशीच्या जागेत हलवा. कुर्ल्यातल्या कामगारांच्या हातची, छपन्न वर्षांमागची गाडी पुन्हा मळवलीच्या रस्त्यावर दिसावी, असं मलाही मनापासून वाटतं. पण दाराखालचा पत्रा बोटाने दबत असेल, तर मालकाचे आभार माना आणि परत या. त्यानेही तिथेच हात टेकले होते.