जुन्या आऊटबोर्ड मोटरीची शक्ती का घटते?

सकाळच्या भरतीबरोबर खाडीत शिरलेली एखादी होडी वाटेत अडकून पडते आणि ओहोटी लागल्यावर घराकडे वळते. पाणी उलट्या दिशेने जोराने वाहत असते. मागच्या फळीला टांगलेली मोटर चालू आहे, तिचा आवाजही येत आहे. परंतु काठावरचे माड मात्र जागच्या जागीच दिसतात. मोटर अजिबात बंद पडली असती तर नावाड्याने तत्काळ नांगर टाकला असता, अथवा वल्ही हाती घेतली असती. अर्धवट चालणारी मोटर त्याला आशेवर ठेवते, आणि तो वेगाची मूठ आणखी पिळतो. नेमके हेच करावयाचे नसते. ते का, हे समजण्यासाठी या यंत्राची घडण थोडी पाहिली पाहिजे.

नॉर्वेत जन्मलेला व अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वाढलेला कारागीर ओले एव्हिनरूड याने मिलवॉकी येथे १९०९ साली आपली मोटर विक्रीस आणली. ती दीड अश्वशक्तीची होती व तिचे वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलोग्रॅम होते. माथ्यावर इंजिन, खाली उतरणारा उभा दंड व पाण्यात फिरणारा पंखा ही तिची मांडणी आजही कायम आहे. एव्हिनरूड या नावाच्या मोटरींची निर्मिती २०२० साली थांबली. तथापि १९५० ते १९७० या काळात घडविलेल्या निरनिराळ्या बनावटीच्या मोटरी अद्याप कोठे कोठे पाणी कापीत आहेत. त्यांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. म्हणून अंदाजाने एकामागून एक भाग बदलीत सुटण्याची चैन त्यांच्या मालकास परवडणारी नाही.

या जुन्या मोटरी बहुतेक द्विधाव पद्धतीच्या असतात. मोटारगाडीच्या इंजिनात वंगणाचे तेल तळाशी वेगळे साठविलेले असते. येथे तसे नाही. येथे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. हे मिश्रण हवेबरोबर दट्ट्याखालच्या बंद पेटीत शिरते, तेथील धारवे भिजविते आणि मग वर जाऊन जळते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते. उपासमार झालेले इंजिन पूर्ण वेगाने रेटले तर ते अधिक तापते आणि त्याच वेळी कोरडेही पडते. दट्ट्याला ओरखडे पडतात, कधी तो सिलिंडरला चिकटून बसतो. दहा मिनिटांच्या हट्टापायी इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. शक्ती घटली असे जाणवताच प्रथम वेग उतरवावा, आणि शोध नंतर घ्यावा.

शोधाचा आरंभ आवाजापासून करावा. इंजिन नेहमीपेक्षा मोठ्याने व भरभर फिरत असेल, पण होडी मात्र पुढे सरकत नसेल, तर इंजिनास दोष देण्याचे कारण नाही. शक्ती निर्माण होते आहे. ती पाण्यापर्यंत पोहोचत नाही. पुष्कळ मोटरींत पंख्याच्या मध्यभागी रबराचे बुधले बसविलेले असते, खडकाचा धक्का त्याने सोसावा म्हणून. जुने झाल्यावर ते आतल्या आत घसरू लागते. याची परीक्षा फार सोपी आहे. मोटर बंद करून पंख्याच्या आतील व बाहेरील कड्यांवर मिळून रंगाची एकच सरळ रेघ ओढावी आणि होडी जोरात चालवून आणावी. रेघेचे दोन तुकडे परस्परांपासून सरकलेले दिसले तर बुधले घसरते आहे. याउलट इंजिनच जड होऊन मंद फिरत असेल, तर आधी होडीच्या बुडाकडे पाहावे. तेथे शेवाळ व शिंपले वाढले असतील, किंवा तळात पाणी साचले असेल, तर निरोगी मोटरही दमते. पुष्कळ लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात आणि बूड पाहावयाचे विसरतात.

हे सर्व ठीक असल्यास प्रश्न इंजिनाचा. समजा, मोटर दोन सिलिंडरांची आहे. अशा लहान मोटरींत एकच कार्ब्युरेटर दोन्ही सिलिंडरांना मिश्रण पुरवितो. आता एकच सिलिंडर मृत असेल, तर कार्ब्युरेटर बहुधा निर्दोष ठरतो. कारण त्याचा दोष दोघांनाही भोवला असता. दोष ठिणगीत किंवा संपीडनात असावा. दोन्ही सिलिंडर सारखेच दुर्बल असतील, तर इंधनाचा संशय प्रथम घ्यावा. कोणता सिलिंडर मृत आहे हे ओळखण्यासाठी इंजिन बंद करून एका स्पार्क प्लगची तार काढावी, ती इंजिनाच्या धातूला नीट जोडून ठेवावी आणि मग इंजिन सुरू करावे. तार काढल्यानेही काही फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच काम करीत नव्हता. चालू इंजिनाची तार हाताने ओढण्याची सवय काही कारागिरांना असते. ती अनुकरणीय नव्हे. त्या तारेत हजारो व्होल्टचा दाब असतो. दोनांपैकी एक सिलिंडर बंद पडला की शक्ती निम्म्याहूनही खाली येते, कारण जिवंत सिलिंडरला मृत सिलिंडरचा दट्ट्याही ओढावा लागतो.

इंधनाच्या दोषात काळाची खूण फार उपयोगी पडते. मोटर प्रथम उत्तम चालली आणि काही मिनिटांत ढासळली, याचा अर्थ कार्ब्युरेटरच्या वाटीतील साठा संपला व मागून पुरेसे पेट्रोल येत नाही. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिला असला तरी हेच घडते: हवा आत येत नाही, म्हणून पेट्रोल बाहेर जात नाही. एवढ्या क्षुल्लक कारणाने कितीतरी होड्या दोरीने ओढून आणाव्या लागतात. स्क्रू उघडा असेल तर मोटर चालू असतानाच नळीवरील रबरी फुगा हाताने दाबून पाहावा. दाबताच जीव आला, तर पंपाचा पडदा, नळी किंवा गाळणी यांपैकी काहीतरी बिघडले आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते पाणी शोषून घेते, आणि जुन्या नळ्यांचे रबर त्याच्या सहवासात मऊ पडून आतून सोलपटते. बाहेरून नळी धडधाकट दिसते, एवढाच काय तो भ्रम. मंद गतीला मोटर नीट चालते पण पूर्ण वेगाला अडखळते, असे असेल तर कार्ब्युरेटरमधील मुख्य बारीक छिद्र जुन्या पेट्रोलच्या राळेने बुजले असण्याचा संभव अधिक.

केरळच्या किनाऱ्यावर कित्येक मच्छिमार मोटर पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवितात. रॉकेलची वाफ सहज होत नाही, आणि काजळी अधिक धरते. अशा मोटरीचे प्लग व दट्ट्याची कडी वरचेवर साफ करावी लागतात.

ठिणगीची गोष्ट निराळी. जुन्या मॅग्नेटोत संपर्कबिंदू असतात; अनेक अमेरिकन मोटरींत त्यांच्यामधील फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवण्याची सूचना असते. बिंदूंवर गंज किंवा तेल चढले की ठिणगी क्षीण होते. तारेचे वेटोळे तर अधिक फसवे. थंड असताना ते उत्तम ठिणगी देते आणि तापल्यावर त्याच्या वेष्टनातील भेगांतून वीज गळते. मोटर वीस मिनिटांनी दुबळी होत असेल व निवल्यावर पुन्हा सुधारत असेल, तर तपासणी ती गरम असतानाच केली पाहिजे; घरी आणून दुसऱ्या दिवशी पाहिल्यास सर्व काही निर्दोष आढळेल. मात्र थंड करणारे पाणी पुरेसे चढत नसले तरी लक्षण जवळपास असेच दिसते. म्हणून पाण्याचा पंप व मिठाने चोंदलेले मार्ग आधी पाहून घ्यावेत. मोटर पाण्याबाहेर सुरू करण्याचा मोह टाळावा. पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरून थोड्याच वेळात जळतो.

उरले संपीडन. दोन्ही प्लग काढून, हवेची झडप पूर्ण उघडून, दाबमापक एकेका सिलिंडरला लावावा व दोरी चार-पाच वेळा सारख्या जोराने ओढावी. येथे आकड्यापेक्षा दोन आकड्यांतील अंतर बोलके असते. दहा टक्क्यांहून अधिक तफावत दिसली, तर कडी अडकली आहे, सिलिंडरला ओरखडे आहेत, किंवा माथ्याचे पॅकिंग फुटले आहे. प्लग, बिंदू व कार्ब्युरेटर यांवर पैसा खर्च करण्यापूर्वीच ही मोजणी करणे शहाणपणाचे. दोरी ओढण्याच्या श्रमांपलीकडे तिला काही लागत नाही. आणि प्रत्येक वेळी एकच बदल करून होडी पाण्यात चालवून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मोटर सुधारली, तर कोणत्या गोष्टीने सुधारली ते कळत नाही, आणि पुढल्या खेपेला तोच शोध मुळापासून घ्यावा लागतो.